कर्मवीरांची पंगत

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या भागात शोधून सापडणार नाही. पांढरीशुभ्र दाढी, खादीचे साधे कपडे आणि अनवाणी पाय अशी त्यांची प्रतिमा शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे टांगलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. दर वर्षी २२ सप्टेंबरला तिला हार घातला जातो, वक्तृत्व स्पर्धा होतात आणि स्पर्धेतल्या प्रत्येक भाषणात ज्ञानाची गंगा दारोदारी वाहते. अशी भाषणे मीही केली आहेत व दोनदा बक्षीसही मिळवले आहे. महाविद्यालयात आल्यावर मात्र ग्रंथालयात त्यांची चरित्रे सलग वाचायला मिळाली आणि एक गोष्ट पुन:पुन्हा डोळ्यांत भरू लागली. या शिक्षणमहर्षीच्या आयुष्यातले कितीतरी मोठे प्रसंग विहिरीवर, न्हाणीत, स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या पंगतीत घडलेले आहेत. भाषणांत या जागा फारशा येत नाहीत. म्हणून त्यांच्याविषयीच लिहावे असे वाटले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला होते. आईचे नाव गंगाबाई. मुलगा अभ्यासात यथातथाच, पण अंगापिंडाने दणकट आणि स्वभावाने हट्टी. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून या पोराने रागाच्या भरात रहाटच मोडून विहिरीत टाकला, अशी आठवण सांगतात. त्यामुळे त्या तहानलेल्या लोकांना पाणी मिळाले नसणार हे उघड आहे. रहाट गावाने पुन्हा बसवला असेल आणि नियमही तोच राहिला असेल. तरीही ही आठवण मला खरी वाटते, कारण पुढे सबंध आयुष्यभर या माणसाचा राग याच एका गोष्टीवर होता.

शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. या बोर्डिंगांचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, त्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक वसतिगृह काढले होते. दार सर्वांना उघडे होते. पण थोड्याच काळात तेथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले. कोणी कोणाला बाहेर घालवले असा हुकूम कुठे सापडायचा नाही. ज्यांची शिकण्याची परंपरा होती ते आले, टिकले. ज्यांची नव्हती ते दारापर्यंत पोचलेच नाहीत. महाराजांनी यातून धडा घेतला आणि १९०१ पासून जातवार वसतिगृहे काढायला प्रोत्साहन दिले. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली. आपल्या जातीच्या पोरांसाठी लोक पैसा देत, आणि खेड्यातून आलेल्या मुलाला आपल्या माणसांत राहायला धीर वाटे. त्याच महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या, हे आपण इतिहासाच्या पेपरात लिहितोच. जातवार वसतिगृहे हा त्या काळचा नाइलाज होता की शहाणपणा होता, यावर आमच्या वर्गात एकदा तासभर वाद झाला. माझे मत असे की तो शहाणपणाचा नाइलाज होता.

तर १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झाले. त्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला हा उंचापुरा विद्यार्थी जाऊन बसला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले की आधी आंघोळ कर, मग भोजनगृहात ये. भाऊरावांनी साफ नकार दिला. एका बादलीभर पाण्याचा प्रश्न होता. अंगावर ओतून घेतले असते तर जेवण मिळाले असते, बोर्डिंगही टिकले असते आणि बहुधा शिक्षणही पुरे झाले असते. त्यांनी ते पाणी घेतले नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगचे व्यवस्थापक होते अण्णासाहेब लठ्ठे. लठ्ठे हे काही जुनाट वळणाचे गृहस्थ नव्हते. उच्चशिक्षित होते, सुधारक होते, पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाच्या देखरेखीखालीही न्हाणीचा नियम चालूच होता, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. बहुजनांना शिकता यावे म्हणून निघालेल्या घरातही उंबऱ्याच्या आत आणखी एक उंबरा होता.

पुढे काही काळ भाऊराव शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. महाराजांच्या सहवासात आणि सत्यशोधक विचारांत त्यांची घडण झाली. परीक्षेचे मात्र जमले नाही. इंग्रजी सहावीतच गाडी अडली आणि शाळा सुटली ती सुटलीच. साताऱ्याला येऊन ते शिकवण्या करू लागले, तेव्हा त्यांना पाटील मास्तर म्हणत. १९१० साली दूधगावी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विद्यार्थी आश्रम सुरू केला. १९१२ साली कुंभोजच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. या लक्ष्मीबाईंकडे आपल्याला परत यायचे आहे.

१९१४ सालचे डांबर प्रकरण येथे सांगितलेच पाहिजे. कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्यावरून खटला उभा राहिला आणि त्यात लठ्ठ्यांना गुंतवण्यासाठी भाऊरावांनी साक्ष द्यावी असा दबाव आला. हेच ते लठ्ठे. सूड उगवायचा असता तर एवढी सोन्यासारखी संधी पुन्हा आली नसती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यासाठी तुरुंगवास सोसला, मारहाण सोसली, आणि छळ असह्य होऊन जीव देण्याचाही प्रयत्न केला. कोणाशी भांडायचे आणि कोणत्या हत्याराने भांडायचे नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या ठेवल्या. आमच्या महाविद्यालयीन निवडणुकांच्या गोष्टी ज्यांनी थोरल्यांकडून ऐकल्या असतील त्यांना यातला फरक चटकन कळेल.

यानंतरची काही वर्षे पोटापाण्याच्या फिरतीची. ओगले काच कारखान्याचे, मग किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे ते विक्रेते होते. काही काळ कूपरांबरोबर साताऱ्याच्या कारखान्यात होते, तेथून मतभेद होऊन बाहेर पडले. या फिरतीत गावोगावचा शेतकरी त्यांनी ओटीवर बसून पाहिला. नांगर विकत घ्यायला आलेल्या माणसाला पावतीवरचा आकडा वाचता येत नाही, हे विक्रेत्याइतके दुसऱ्या कोणाला दिसणार? ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला होता. गुरूने शाळेतली भिंत पाडायला घेतली तेव्हा शिष्य वसतिगृहातल्या भिंतीपाशी येऊन उभा होता.

१९२४ साली संस्था साताऱ्याला आली आणि तेथे भाऊरावांनी वसतिगृह सुरू केले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, जो येईल त्याला जागा. एकच चूल, एकच पंगत. कोल्हापूरची बोर्डिंगे त्यांनी आतून पाहिली होती. जातीच्या आधाराने मूल शाळेपर्यंत येते हे त्यांना ठाऊक होते, आणि तेवढ्यावर थांबले तर ते जातीच्याच खोलीत शिकून बाहेर पडते हेही ठाऊक होते. म्हणून जेवण एकत्र.

हे एका वाक्यात लिहून झाले. पण १९२४ साली ते किती अवघड असेल याचा मी पुष्कळ विचार केला. खेड्यातून आलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा, आईने सोबत दिलेले नियम त्याच्या अंगात भिनलेले. कोणाच्या हातचे घ्यायचे, कोणाचा तांब्या लावायचा नाही. त्याच्या शेजारी बसलेला दुसरा पोरगा, ज्याला जन्मापासून दूर सरकायची सवय. या दोघांना शेजारी बसवून एकाच परातीतली भाकरी वाढायची. पहिल्याने घास गिळणे जितके कठीण, तितकेच दुसऱ्याने न सरकता बसणे कठीण असणार. आपण नेहमी पहिल्याच्याच मनाचा विचार करतो. मुले आळीपाळीने पाणी भरत, झाडलोट करत, स्वयंपाकात हात लावत. आज ज्याच्या हातचे पाणी प्यायचे त्याला उद्या आपण वाढायचे, असा फेरा सुरू झाला की विटाळाला उभे राहायला जागा कमी पडते.

आता लक्ष्मीबाई. बहुतेक चरित्रांत त्यांना एखाददुसरे पान मिळते आणि त्या पानावर त्यागमूर्ती हा शब्द असतो. मला हा शब्द पुरेसा वाटत नाही. सोवळेओवळे कडक पाळणाऱ्या जैन घरात त्या वाढल्या होत्या. भाऊरावांनी नियम मोडायचा ठरवला, तो मोडला गेला लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात. ज्या जातींच्या सावलीपासून जपायला त्यांना लहानपणी शिकवले होते, त्याच जातींच्या मुलांसाठी त्यांनी पीठ मळायचे, त्यांची आजारपणे काढायची, त्यांच्या जखमा पुसायच्या. नवरा गावोगाव मुष्टिफंड गोळा करत, म्हणजे घरटी मूठमूठ धान्य मागत हिंडतो आहे, आणि घरी पोरे भुकेली आहेत. अशा दिवसांत अंगावरचे दागिने एक एक करून गेले. शेवटी मुलांच्या धान्यासाठी मंगळसूत्रही गेले. त्या काळच्या बाईने गळ्यातले काढून देणे म्हणजे काय, हे माझ्या आजीला विचारले तर ती काही वेळ बोललीच नाही.

विचार बदलायला लक्ष्मीबाईंना कोणतीही शाळा मिळाली नव्हती. शाहू महाराजांचा सहवास, सत्यशोधकांच्या सभा, हे सारे भाऊरावांच्या वाट्याला आले होते. त्यांना मिळाली ती फक्त समोर बसलेली मुले. तरी त्या बदलल्या, आणि भाऊरावांइतक्याच पुऱ्या बदलल्या. शाहू बोर्डिंग मुलांचे होते, ही गोष्टही लिहायला हवी. दुसऱ्यांच्या लेकांना शिकवण्यासाठी एका बाईने चुलीपुढे आयुष्य घालवले आणि १९३० साली, पुढचे वैभव पाहण्याआधीच, ती गेली. संस्थेने पुढे मुलींसाठी शाळा आणि वसतिगृहे काढली. माझ्यासारख्या मुली आज वर्गात आहेत त्या त्या पुढच्या पर्वातल्या.

१९२७ साली महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, जेवतात हे पाहून, आपल्याला साबरमतीच्या आश्रमात जे साधले नाही ते येथे साधले आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे सांगतात. पुढे १९३२ साली पुणे करार झाला. अस्पृश्यांना कायदेमंडळात किती जागा, यावर देशभर वाद झडून तो मिटला होता. भाऊरावांनी त्याची आठवण म्हणून पुण्यात काय करावे? युनियन बोर्डिंग हाऊस या नावाचे वसतिगृह काढले. करार कागदावर झाला होता; या माणसाला लगेच चूल आठवली!

भाऊरावांच्या वसतिगृहातली दुसरी गोष्ट म्हणजे श्रम. मुलांनी शेतात राबायचे, खडकाळ जमीन सपाट करायची, बांधकामाला दगडमाती वाहायची आणि शिकायचे. त्यातूनच पुढे कमवा आणि शिका हे नाव रूढ झाले. या नावाची योजना आज कितीतरी महाविद्यालयांत आहे. मीही तिच्यात आहे. दुपारी दोन तास ग्रंथालयात पुस्तकांना लेबले चिकटवते आणि कपाटे पुसते. त्यामुळे या विषयी दोन शब्द लिहिण्याचा मला अधिकार आहे असे मी मानते. कर्मवीरांच्या वसतिगृहात काम सर्वांना होते. कुदळ पाटलाच्या पोरालाही होती आणि मांगाच्या पोरालाही होती, त्यामुळे कुदळीवरून कोणाची जात किंवा गरिबी ओळखता येत नसे. आजच्या योजनेच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. मदत गरजूला मिळावी म्हणून ते आवश्यकच आहे. पण त्याचा परिणाम असा की झाडाला पाणी घालणारा मुलगा दिसला की तो कोण असेल हे सर्वांना आधीच कळते. मैत्रिणी कपाटाजवळून जाताना नजर चुकवतात, त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. कर्मवीरांनी श्रमाला जी झाकण्याची शक्ती दिली होती ती कुठेतरी गळून पडली आणि दाखवण्याची शक्ती तेवढी उरली.

तसेच पंगतीचे. आपल्या हजेरीपटावर आज सर्व जातीधर्मांची नावे आहेत, आणि ती तशी असावीत म्हणून १९०२ पासून किती जणांनी झीज सोसली ते वर आलेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणात समतेसाठी नियमही केले. पण मधल्या सुट्टीत डबे कोण कोणाबरोबर उघडतो हे एकदा मोजून पाहावे. नवीन आलेल्या मुलीला नाव विचारल्यावर, पूर्ण नाव काय, हा दुसरा प्रश्न का येतो, आणि आडनाव कळल्यावर पुढचे बोलणे कधी मोकळे तर कधी एकदम बेताचे का होते, हे ज्यांना कधी हा प्रश्न टोचला त्यांना विचारावे. १८९६ च्या त्या वसतिगृहाचे दारही उघडेच होते.

भाऊरावांच्या कामाचा पुढचा पसारा सर्वांना माहीत आहे, तो भरभर सांगते. १९३५ साली साताऱ्यात खेड्यांसाठी शिक्षक घडवणारे अध्यापक विद्यालय निघाले. नंतर डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा उघडल्या. १९४० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल सुरू झाले. जून १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. या कॉलेजला एक धनिक मोठी देणगी द्यायला तयार होता, अट एवढीच की शिवाजी हे नाव बदलून दुसरे द्यावे. एक वेळ बापाचे नाव बदलीन पण हे बदलणार नाही, असे सांगून भाऊरावांनी त्याला वाटेला लावले. १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरु गाडगे महाराज कॉलेज आणि १९५५ साली साताऱ्यात मौलाना आझादांच्या नावाचे अध्यापक महाविद्यालय सुरू झाले. नुसत्या पाट्या वाचत गेले तरी पंगतीतली पाने दिसतात: मराठा राजा, परीट घराण्यातला संत, मुसलमान विद्वान.

मधे १९४८ साली एक कठीण वेळ आली. मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. भाऊरावांच्या परखड बोलण्याचा राग त्यामागे होता. शेकडो शाळा, हजारो मुले, आणि तिजोरी रिकामी. गावोगावच्या लोकांनी पैसे आणि धान्य दिले, शिक्षकांनी पगारावाचून दिवस काढले. शेवटी गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. हातात खापर घेऊन हिंडणाऱ्या, स्वतः अक्षरशत्रू असलेल्या या संतामुळे शाळा वाचल्या. त्यांचे नाव कऱ्हाडच्या कॉलेजला का दिले, हे यावरून कळते.

शाहू बोर्डिंगात वाढलेल्या मुलांपैकी पी. जी. पाटील हे बॅरिस्टर झाले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कुलगुरूंच्या खुर्चीत बसलेला हा माणूस लहानपणी याच पंगतीतली भाकरी खाऊन वाढलेला होता.

१९५९ साली सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले आणि एप्रिल महिन्यात पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही पदवी दिली. मॅट्रिकच्या अलीकडेच ज्याची शाळा सुटली होती त्याला विद्यापीठाने डॉक्टर केले. तोवर प्रकृती पुरती ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. साताऱ्यात चार भिंतींच्या टेकडीपाशी त्यांची समाधी आहे. संस्थेच्या आज सातशेच्या वर शाखा आहेत, आणि त्यांत सोलापूरला मुलींचे एक महाविद्यालय आहे. त्याच्या फाटकावर लक्ष्मीबाई भाऊराव पाटील असे नाव आहे.